शेजारच्याचा सूर

तांबोळीबाई तालमीला आल्या की सर्वांत आधी आम्हांला पंखा ऐकायला लावीत.

खडकीतल्या आमच्या कर्मचारी वसाहतीच्या हॉलमध्ये छताला एक जुना पंखा होता. वारा तो बेताचाच देई. आवाज मात्र मुबलक. बाई पायरीपाशी चपला काढत, कापडी पिशवी खिडकीत ठेवत आणि काही न बोलता वर बोट दाखवत. मग आम्ही सारे, दिवसभर कारखान्यात राबून आलेले कारकून, फिटर, क्रेन चालवणारे आणि त्यांच्या घरची माणसे, माना वर करून त्या पंख्याखाली उभे राहत असू. थोड्या वेळाने बाई विचारीत, "काय म्हणतोय?" कुणीतरी संकोचत त्या घरघरीतला सूर ओठांवर आणी. विजेचा दाब चांगला असला की तो सूर थोडा वर असे, नसला की खाली उतरलेला. त्याच सुरावर बाई त्या दिवसाचा पहिला 'सा' लावून घेत. हॉलमध्ये पेटी होती, पण तिच्यावरचे कापड त्या सहसा काढत नसत.

"पेटीला विचारलं की पेटी लगेच सांगते," त्या म्हणत. "मग माणसं कान घरी ठेवून येतात."

बाईंना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहावे असे मला अनेकदा वाटले आणि दर वेळी हात आखडला. लिहायला बसलो की माझाच आवाज मोठा होऊ लागतो, आणि त्यांनी माझ्यात जे बदलू पाहिले ते नेमके हेच होते. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने निदान हळू लिहायला शिकावे, एवढ्याच बळावर आज बसलो आहे.

बाई ठेंगण्या होत्या. सुती साडी, डोक्यावरून घेतलेला पदर, नाकावरून सतत घसरणारा जाड काचांचा चष्मा. शनिवार पेठेत त्यांचे घर होते आणि जवळच्याच एका शाळेत त्या संगीत शिकवीत. त्यांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. पुढे तो बँड बाईंच्या धाकट्या भावाने, युसुफभाईंनी, चालवला. शास्त्रीय गाण्याचे शिक्षण बाईंनी रीतसर घेतले होते, पण शिकवण्याची दृष्टी आली ती त्या बँडमधूनच, असे त्या स्वतःच सांगत. "अब्बा म्हणायचे, वरातीत नवरदेव एकच असतो. बाकीच्यांनी चालायचं. आणि नवरदेवाला वाजवता येत नसतं, हे लक्षात ठेवायचं."

नव्वदच्या दशकात आमच्या वसाहतीच्या दवाखान्यातल्या परिचारिका निर्मलाबाई गायकवाड यांच्या ओळखीने त्या खडकीला येऊ लागल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बसने. मानधन घेत नसत. निर्मलाबाईंच्या घरचा चहा मात्र हक्काने घेत आणि त्यात साखर कमी पडली तर तसे स्पष्ट सांगत.

वृंदगान शिकवणारी माणसे हात हलवताना मी नंतर पुष्कळ पाहिली. कुणी हवेत चित्रे काढतो, कुणी पोहतो. बाईंचा उजवा हात पदरात असे. डाव्या हाताची तीन बोटे तेवढी छातीच्या उंचीवर हलत, तीही पाण्याचे तापमान पाहावे तशी. मागच्या ओळीतल्यांना ती दिसत नसत. तशी तक्रार कुणी केली की बाई म्हणत, "दिसत नाही ना? बरं झालं. मग पुढच्याचं ऐका."

आमचा हॉल रेल्वेलाइनीपासून फार लांब नव्हता. तालमीत गाडी धडधडत गेली की नवखा माणूस आवाज चढवी. बाई तीन बोटे खाली झुकवीत. गाडीच्या वर गायचे नाही, गाडीच्या खालून गायचे, असा त्यांचा नियम होता. पहिल्यांदा ऐकताना मला तो विक्षिप्तपणा वाटला. पण गाडी निघून गेल्यावर, सगळा गोंगाट ओसरल्यावर, आमचे गाणे तिथेच, होते त्याच सुरात शांतपणे उभे आहे असे जेव्हा ऐकू आले, तेव्हा अंगावर काटा आला होता.

मी त्या वृंदात कसा गेलो ते सांगणे थोडे अवघड आहे. मी तेव्हा नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. शहरातल्या एका गुरुजींकडे चार-पाच वर्षे गाणे शिकलेला. आवाज बरा होता, आणि तो बरा आहे हे मला नको इतके ठाऊक होते. पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, "काय येतं?" मी यमन सुरू केला. आलाप, बोल-ताना, शेवटी दोन सपाट ताना. हॉलमधल्या लोकांनी मनापासून दाद दिली. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता नुसता 'सा' लावा. पण इतका हळू की शेजारच्या शिंपीकाकांचा तुम्हांला ऐकू आला पाहिजे."

मी लावला.

"शिंपीकाका कसे गातायत?"

मी गडबडलो. "ते... गात होते का?"

"मघापासून गातायत. अहो आपटे, आपला आवाज चांगला आहे हे आम्हांला कळलं. घरी आईंनाही कळवा. आता इथे जे बाकीचे आहेत त्यांची ओळख करून घेऊ."

लोक हसले. मला राग आला होता, हे खोटे कशाला बोलू? पुढच्या तालमीला जायचे नाही असे मी ठरवले आणि पुढच्या तालमीला सर्वांत आधी जाऊन उभा राहिलो.

श्वासाचा धडाही असाच. आमच्यातला प्रत्येक जण ओळीच्या शेवटी श्वास घेई, आणि सगळे एकदमच घेत असल्यामुळे गाण्याला दर ओळीनंतर भोके पडत. बाईंनी एकदा गाणे थांबवून क्रेन चालवणाऱ्या कदमांना विचारले, "तुमच्या चाळीत नळाला पाणी किती वेळ येतं?"

"तासभर, बाई. तेही नशीब असलं तर."

"मग सगळी बिऱ्हाडं एकदम बादल्या लावतात का?"

"छे! डोकी फुटतील. पाळीनं लावतात."

"आणि शेजारीण घरी नसली तर?"

"तर तिची बादली आमची बायको भरून ठेवते. नाहीतर दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं."

"झालं," बाई म्हणाल्या. "श्वासही तसाच घ्यायचा. शेजारचा घेत असेल तेव्हा आपण नाही. तो घेतो तेवढा वेळ त्याची बादली आपण धरायची. आणि आपण घ्यायला थांबलो की तो धरेल, असा विश्वास ठेवायचा. विश्वास नसेल तर एकट्यानं गावं. पुण्यात एकट्यानं गाणाऱ्यांची वानवा नाही."

त्या दिवसापासून आमची लांबलचक ओळ मध्ये न तुटता चालू लागली. ऐकणाऱ्याला वाटे, या माणसांना श्वास लागतच नाही. आम्ही मात्र शेजाऱ्याच्या खांद्याची हालचाल ओळखू लागलो होतो. कदमांची बायकोही वृंदात होती, आणि तिच्याशी अबोला धरलेली एक शेजारीण नेमकी तिच्याच बाजूला उभी राही. श्वासाच्या पाळीसाठी त्यांना एकमेकींकडे बघावे लागे. तो अबोला कधी संपला ते त्यांनाही सांगता आले नसते.

मग दत्तोबा शिंदे आले.

शिंदे लोणी काळभोरचे. घरी ऊस, भाऊ शेती पाहणारे. हे आमच्या कारखान्यात पॅकिंगला. दोन बसा बदलून कामावर येत. तालमीच्या दिवशी घरी पोचायला त्यांना जेवणवेळ उलटून जाई. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस, पण हॉलच्या दारात पहिल्या दिवशी असे उभे होते की जणू कुणी ओरडेल.

"बाई, मला गायचं हाय," ते म्हणाले. "पर आधीच सांगतो, मला येत न्हाई."

"मग बरोबर ठिकाणी आलात. येणारे आधीच फार झालेत. कधी गायलायत?"

"शाळंत. प्रार्थनेला. गुरुजी म्हनले, शिंद्या, तू गाऊ नगंस, निस्तं तोंड हालव. मग चौथीपातुर तोंडच हालवलं. पुढं भजनातबी तसंच. सवय लागली. लोकांस्नी वाटतं मी गातोय." ते थांबले. "एकदा खरंखुरं गाऊन बघायचं हाय, बाई. समद्यांच्यात उभं राहून. तेवढंच."

बाईंनी त्यांना रांगेतली जागा दाखवली. मग म्हणाल्या, "इथे एक अट आहे. तोंड हालवायचं नाही. इथे चुकलेलं चालतं, खोटं चालत नाही."

शिंदे गायले. त्यांचा आवाज मोठा आणि घट्ट होता, आणि सुराशी त्याचा काही एक संबंध नव्हता. आम्ही 'सा'वर असलो की ते त्याच्या आजूबाजूला कुठेतरी, अंधारात उंबरठा शोधणाऱ्या पाहुण्यासारखे. दोन आठवड्यांत वृंदात कुजबुज सुरू झाली. मी कुजबुजलो नाही; पण कुजबुजणारे जवळ आले की दूरही झालो नाही.

वसाहतीच्या कल्याण समितीचे चिटणीस रानडे हॉलच्या किल्ल्या सांभाळीत. एक दिवस ते दारात उभे राहून ऐकत होते. गाणे संपल्यावर म्हणाले, "बाई, हे वृंदगान आहे की मंडई?"

"मंडईत प्रत्येक जण आपापला भाव ओरडतो, रानडे. इथे निदान एकच ओरडतोय."

"तो एकच पुरेसा आहे. हे पाहा, स्पष्ट सांगतो. हॉल टेबल टेनिसवाल्यांना हवाय. तरणी पोरं आहेत, सारखी मागे लागलीत. समितीत मी तुमची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, आंतरविभागीय समूहगान स्पर्धेत पहिल्या तिघांत आलात तर हॉल तुमचा. नाहीतर संध्याकाळ त्यांची. आता या शिंद्यांना घेऊन तुम्ही पहिल्या तिघांत येणार असाल तर मी स्वतः गळ्यात ढोल बांधून नाचेन."

"आपल्याला नाचताना पाहावं लागू नये म्हणून तरी प्रयत्न करावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण शिंदे गातील."

"अहो, एक दिवस फक्त. स्टेजवर उभे राहू देत. ओठ हलवतील."

बाईंचा आवाज कधी चढत नसे. तेव्हा तो उलट आणखी उतरला. "ओठ हलवायला त्यांना फार लहानपणी शिकवलंय. ते मला पुसायचंय. स्पर्धेसाठी पुन्हा गिरवून घेऊ?"

रानडे गेले. आम्हांला सर्वांना कळले की आता दोन गोष्टी एका तराजूत पडल्या आहेत: एका पारड्यात हॉल, दुसऱ्यात शिंदे. आणि बाईंनी दुसरे पारडे हाताने धरून ठेवले आहे.

घरी जाताना बसथांब्यावर मी बाईंना म्हटले, "बाई, काही माणसं जन्मतःच बेसूर असतात."

बाई बसची वाट पाहत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला नाही तसा माणूस भेटला. बेसूर शेजार मात्र पुष्कळ भेटले."

मला त्याचा अर्थ पुढच्या महिन्यात कळला. त्या महिनाभर बाईंनी शिंद्यांना हॉलभर फिरवले, घरात नव्या आणलेल्या कुंडीला ऊन कुठे मिळते ते पाहावे तसे. खिडकीजवळ, मग भिंतीपाशी. मग खालच्या सुरात गाणाऱ्या दोघा दणकट फिटरांच्या मध्ये. तिथे शिंदे आणखी मोठ्याने गाऊ लागले आणि तिघेही वाहून गेले. मग माझ्या शेजारी. मला वाटले, आता काम होईल. माझा सूर पक्का, त्याला धरून हा माणूस चालेल. मी मोठ्या उदारपणे भरघोस आवाज लावला. शिंद्यांनी तो धरण्यासाठी जिवाचा आटापिटा केला आणि जितका आटापिटा केला तितके ते लांब गेले.

बाईंनी बोटे मिटली. "आपटे, तुमच्या शेजारी माणूस पोहायला शिकत नाही. बुडतो."

"मी तर त्यांना आधार देत होतो," मी म्हणालो.

"आधार नव्हे. तुम्ही त्यांच्यावर प्रकाशझोत टाकलात. डोळे दिपलेल्याला वाट दिसत नाही."

मग एका संध्याकाळी निर्मलाबाई दवाखान्यातून उशिरा आल्या. रांगेत शिंद्यांच्या शेजारची तेवढीच जागा रिकामी होती, कारण तिथे उभे राहायला कुणी राजी नव्हते. त्या घाईघाईने तिथे उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या. निर्मलाबाईंचा आवाज अगदी पातळ. औषध मोजता मोजता कुणी गुणगुणावे इतकाच. आमच्यातल्या कित्येकांना त्या गातात हेच ठाऊक नव्हते.

दोन ओळी झाल्या असतील. बाई बोटे हलवायच्या थांबल्या, पण हात तसाच ठेवला. आम्ही गात राहिलो. शिंद्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी घडत होते. शेजारून काही येते आहे आणि ते ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी आवाज उतरवला. तरी ऐकू येईना, म्हणून आणखी उतरवला. आणि तेव्हा, निर्मलाबाईंचा आवाज शोधता शोधता, त्यांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. तो सरकला. थोडा वर, पुन्हा थोडा खाली. आणि जागेवर बसला.

गाणे संपले. शिंदे घामाने भिजले होते.

"तिथेच," बाई म्हणाल्या. "दोघांनीही आता जागा सोडायची नाही. निर्मला, तू उशिरा येत जा. तुला फार चांगलं जमतं ते."

स्पर्धेसाठी आम्ही बाईंनी बसवलेले एक गाणे घेतले होते, पेरणीच्या आधी जमिनीची वाट पाहणाऱ्या माणसांचे. त्याच्या शेवटी सर्वांनी मिळून एकच 'सा' पुष्कळ वेळ धरायचा होता, हळूहळू विरत जाईल असा. आम्ही तो उत्तम धरू लागलो होतो. स्पर्धेच्या दिवशी आम्ही वसाहतीच्या फाटकाशी बसमध्ये बसत असताना निर्मलाबाईंचा मुलगा धावत आला. सासवडला त्यांच्या आईला बरे नव्हते. त्या पहाटेच निघून गेल्या होत्या.

शिंदे बसमधून खाली उतरले. टोपी काढून हातात घेतली. "बाई, म्या न्हाई येत. न्हाईतर येतो, पर गात न्हाई. निस्ता उभा ऱ्हातो. तोंड हालवीन. कुनाला कळनार न्हाई. मला सवय हाय."

बसमधले सगळे ऐकत होते. रानडेही आले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. त्या क्षणी बाईंनी 'बरं' म्हटले असते तर कुणी नाव ठेवले नसते. शिंद्यांनीही नाही.

"शिंदे," बाई म्हणाल्या, "मला कळेल. वर चढा."

मग त्या मागे वळल्या. "आपटे, आज तुम्ही शिंद्यांच्या शेजारी."

मी म्हणालो, "बाई, पण तुम्हीच म्हणाला होतात की माझ्या शेजारी..."

"हो. म्हणून आज तुम्ही निर्मला व्हायचं. आपल्याला यमन येतो, एवढं सहज जमेल."

सहज जमले नाही. रंगमंचावर दिवे लागले, समोर भरलेले सभागृह, आणि माझा गळा सवयीने उघडू लागला. तो मी धरून ठेवला. कसे सांगू? चांगला आवाज असलेल्या माणसाला तो झाकून गाणे म्हणजे नवा सदरा घालून वर जुना कोट चढवण्यासारखे. पण मी झाकला. आणि मग मला शिंदे ऐकू आले. त्यांच्या आवाजात एक खरखर होती, खाली मातीसारखा ओलावा होता. इतके महिने एकाच हॉलमध्ये उभा राहून मी तो ऐकला नव्हता. कडव्याच्या मध्यावर ते घसरले. स्पष्ट घसरले. माझ्या आतून सारे ओरडले की आता मोठ्याने गा, झाकून टाक. मी बाईंच्या तीन बोटांकडे पाहिले. ती खाली झुकली. मी आवाज आणखी कमी केला, जवळजवळ नाहीसा. शिंद्यांनी मान माझ्याकडे किंचित कलती केली, आणि शोधत शोधत ते परत आले. शेवटचा 'सा' आम्ही सर्वांनी धरला. त्यांनीही. खरा.

आम्हांला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. परीक्षकांनी सांगितले की परिणाम सुंदर होता, पण एके ठिकाणी सूर हलला.

"हलला," परतताना बाई बसमध्ये म्हणाल्या. "आणि परत आला. परत आलेला त्यांना ऐकू आला नाही, एवढंच."

शिंदे शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. "बाई, माझ्यामुळं हॉल गेला."

"एवढा मान एकट्यानं घेऊ नका. सूर चौघांचा हलला होता. तुमचा ओळखू आला, कारण तुम्ही लपवला नाहीत. बाकीचे तिघं कोण ते त्यांना ठाऊक आहे." एवढे म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. बसमध्ये बऱ्याच जणांनी एकदम बाहेर पाहिले. त्यांत मीही होतो.

मग कधीतरी, संगमवाडीच्या आसपास, मागच्या बाकावरून कुणीतरी तेच गाणे गुणगुणू लागले. शिंदे होते. नकळत. कुणी त्यांना थांबवले नाही, कुणी त्यांच्यावर आवाज चढवलाही नाही. हळूहळू सगळी बस खालून गाऊ लागली. रानडे पुढच्या बाकावर सरळ बसून होते. शेवटच्या ओळीला त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरत होती, हे मी पाहिले आणि कुणाला सांगितले नाही.

हॉल गेला. टेबल टेनिसची पोरे आली. बाई एकदा आपल्याकडची जादा किल्ली परत द्यायला हॉलवर गेल्या तेव्हा त्यांतल्या एकाला म्हणाल्या, "चेंडूचा आवाज ऐकत खेळ. कुठे पडणार ते आधी कळेल." पोरगा हसला, पण पुढे तो चांगला खेळला म्हणतात.

आम्ही शनिवार पेठेत, युसुफभाईंच्या बँडच्या सामानाच्या खोलीत जाऊ लागलो. भिंतीवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात मोठमोठी पितळी वाद्ये, आणि त्यांच्या मध्ये आम्ही. लग्नसराईत सामान बाहेर गेले की ऐसपैस जागा मिळे. एरवी एकमेकांच्या खांद्याला खांदा लागे. बाई म्हणाल्या, हे उत्तम झाले, आता ऐकू न येण्याची सबब उरली नाही. युसुफभाई दारातून डोकावून म्हणत, "आपा, तुमची माणसं इतकं हळू का गातात? आगाऊ पैसे दिले नाहीत का कुणी?"

"तुझी इतकं जोरात वाजवतात, म्हणून शहर समतोल राहतं," बाई म्हणत.

शिंदे तिथेही येत राहिले. पुढे निवृत्त होऊन ते लोणीला गेले आणि तिथे त्यांनी देवळामागच्या शाळेच्या खोलीत आठ-दहा माणसे गोळा केली. शिकवायला शाळेतली एक तरुण शिक्षिका होती. शिंदे फक्त रांगेत उभे राहत. बाईंची नोकरी संपली, गुडघे दुखू लागले, आमच्या तालमी विरळ होत गेल्या आणि एक दिवस थांबल्या. मला वाईट वाटले. बाईंना वाटल्याचे दिसले नाही. "माणसं घरी गेली," त्या म्हणाल्या. "कान घेऊन गेली. पुरे."

त्यांना मी शेवटचे पाहिले ते लोणीला. शिंद्यांचा निरोप आला होता की बाई येणार आहेत, तुम्हीही या. मी जरा उशिराच पोचलो. खोलीबाहेर चपलांचा ढीग, आत फळ्यावर मुलांची गणिते तशीच. समोर ती शिक्षिका, विशीतली, ओढणी कमरेला बांधलेली, हात अवघडून हलवणारी. रांगेत लोणीची बायामाणसे, दोन कॉलेजची मुले, शिंदे, आणि शिंद्यांच्या शेजारी पदर डोक्यावर घेतलेल्या बाई.

इतक्या वर्षांत त्यांना रांगेत उभे राहून गाताना मी कधी पाहिले नव्हते. त्या नेहमी आमच्या समोर असत, तोंड मिटून. आता त्या गात होत्या, आणि काय गात होत्या! तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून, आनंदाने, सत्तरी ओलांडलेल्या थरथरत्या पण मोठ्या आवाजात. सगळ्या खोलीत त्यांचाच आवाज होता.

शिक्षिकेने गाणे थांबवले. तिला बाई कोण आहेत हे ठाऊक नव्हते. शिंद्यांनी पाहुण्या म्हणूनच आणले होते. ती अदबीने पण ठामपणे म्हणाली, "आजी, राग मानू नका. आवाज छान आहे तुमचा. पण थोडं हळू गाल का? शेजारच्यांचं ऐकू यायला हवं."

रांगेत शिंदे एकदम हलले. त्यांचा चेहरा लाल झाला. ते पुढे होऊन काही सांगणार, एवढ्यात बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"गप्प राहा, शिंदे," त्या हलकेच म्हणाल्या. "पोरगी बरोबर सांगतेय."

त्यांनी चष्मा वर सरकवला, पदर नीट केला आणि त्या मुलीच्या अवघडलेल्या हाताकडे, पहिल्यांदाच वर्गात आलेल्या विद्यार्थिनीसारखे, लक्ष लावून पाहू लागल्या. मुलीने हात उचलला. गाणे सुरू झाले. मी दारात उभा राहून त्यांचा आवाज शोधत राहिलो, आणि तो मला वेगळा काढता आला नाही.